बोलता येत नाही, मग लिहून का दाखवत नाहीत?

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो आणि पाठोपाठ पाटी किंवा मोबाइल पुढे केला जातो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

जीभ, ओठ, घसा यांचे स्नायू दुबळे झाले तर उच्चार बोबडे होतात, भाषा शाबूत राहते. हा डिसार्थ्रिया. अशांना पाटी जरूर द्या. पण मेंदूतला भाषेचा भाग, बहुतेकांत तो डावीकडे असतो, दुखावला की शब्दच सापडत नाही. हा अफेजिया. जो शब्द तोंडात येत नाही तो बहुधा बोटांतही येत नाही. कोऱ्या पाटीपुढे माणूस रडकुंडीला येतो आणि घरचे म्हणतात, 'प्रयत्नच करत नाहीत.' पॅरिसमध्ये १८६१ साली फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोकांनी पाहिलेला रुग्ण कशालाही 'तान' एवढंच म्हणायचा. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली.

घोळ होतो तो पुढे. अफेजिया झालेली हीच घरची व्यक्ती एक ते दहा आकडे घडाघडा म्हणते, आरतीत सूर मिळवते, रागावली तर शिवीही स्पष्ट देते. म्हणजे सोंग? नाही. पाठ असलेलं साखळीसारखं आपोआप सुटतं, त्यात शब्द शोधावा लागत नाही. 'चारनंतर काय?' विचारा, पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागेल.

मग बोलायचं कसं? टीव्ही बंद करा. ओरडू नका, कान ठीक आहेत. कप दाखवून 'चहा?' एवढंच विचारा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. हे शेवटचंच सगळ्यांना जड जातं. 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल होते, म्हणून मिळालेल्या उत्तरावर लगेच विसंबू नका. 'कॉफी?' असंही विचारून बघा. त्यालाही 'हो' आलं तर दोन्ही वस्तू समोर ठेवून बोट दाखवू द्या. 'चहा नको ना?' हा प्रश्न तर टाळाच, त्याच्या 'हो'चा अर्थ धडधाकट माणसालाही लागत नाही. जाड पेनाने लिहिलेले दोन सुटे शब्द, शेजारी चित्र, हे काहींना जमतं.

शब्द अडलाच तर पहिलं अक्षर पुरवा: 'पा…' म्हणताच कधीकधी 'पाणी' निघतं. पण 'पाणी म्हणा, मगच देतो' अशी अट घालू नका. आधी पेला हातात द्या.