कादेना

काल सिएटलहून याकिमा खोऱ्यात चेरी तोडायला गेलो होतो. डोंगर ओलांडल्यावर नेहमीचं स्टेशन खरखरायला लागलं, बटण फिरवलं तर ९१.९ वर स्पॅनिश. कळत काही नव्हतं, पण आई म्हणाली, "राहू दे रे, आपल्या आकाशवाणीसारखं वाटतंय."

हे ग्रेंजरचं केडीएनए. ही अक्षरं स्पॅनिश ढंगात म्हटली की 'कादेना', म्हणजे साखळी! डिसेंबर १९७९ मध्ये सुरू झालेलं, शेतमजुरांसाठीचं. ब्रीदच 'शेतमजुराचा आवाज'. पहिल्या स्टेशन मॅनेजर रोझा रामोन, स्वतः शेतमजुरांच्या घरातल्या. १९७९ मध्ये रेडिओ स्टेशन बाई चालवतेय, तेही अशा गावात, जिथे आज लोक रस्त्याकडेचे सिमेंटचे डायनासोर बघायला थांबतात. (आम्हीही थांबलो.)

मजुरांचे हक्क, आरोग्य, गाणी, सगळं इथून. आणि इमिग्रेशनवाले फिरताहेत अशी कुणकुण लागली की ठरावीक गाणं लावायचे. ऐकणाऱ्याला बरोबर इशारा कळायचा.

आम्ही हौसेने दोन बादल्या तोडल्या आणि कंबर धरली. शेजारच्या रांगेत शिडीवर एक मावशी झपाझप तोडत होत्या, फांदीला छोटा रेडिओ टांगलेला. स्टेशन कुठलं, ते विचारावं लागलं नाही.