गजाआडचा रुग्ण आणि पदपथावरचा रुग्ण

मे 2020 मध्ये मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात दीडशेहून अधिक कैद्यांना करोनाची लागण झाल्याचे उघड झाले, तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही. जेमतेम 804 कैद्यांची क्षमता असलेल्या त्या तुरुंगात अडीच हजारांहून अधिक माणसे राहत होती. गर्दी कमी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्येच राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमण्यास सांगितले होते. पण सुटका कोणाची करायची हे बहुधा गुन्ह्याच्या कलमावरून ठरले, प्रकृतीवरून नव्हे. दहशतवादविरोधी कायद्याखाली (यूएपीए) तळोजा तुरुंगात असलेले आदिवासी हक्क कार्यकर्ते फादर स्टॅन स्वामी ऐंशी ओलांडलेले होते आणि त्यांना कंपवात होता, तरी मे 2021 च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच ते वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात पोहोचले. तेथे त्यांना करोना झाल्याचे निदान झाले आणि 5 जुलैला त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या जामिनाचा अर्ज न्यायालयात प्रलंबितच होता.

कैद्याला रुग्णालयात नेण्यासाठी निदान पोलिसांचे पथक तरी असते (ते वेळेवर मिळेलच असे नाही). बेघर माणसाला सोबत कोणीच नसते. केसपेपरवर पत्ता, सोबत नातेवाईक, घरी गेल्यावर विलगीकरण, या साऱ्या अपेक्षा घर गृहीत धरूनच केलेल्या असतात. ओळखपत्र नसलेल्यांच्या लसीकरणासाठी केंद्राची कार्यपद्धतीसुद्धा मे 2021 मध्ये आली, म्हणजे मोहीम सुरू होऊन जवळपास चार महिने उलटल्यावर. त्यात कैदी, भिकारी आणि मनोरुग्णालयांतील रुग्ण एकाच यादीत होते. ही यादी जानेवारीतही करता आली असती.