मधले वीस फूट

बुधवार, रात्रीचे साडेदहा

माय झोपली. घसा खवखवतोय म्हणाली, दोन घोट कोमट पाणी घेतलं आणि कूस बदलली. मी मुद्दाम जागा आहे. आज झाली तशा आतड्याच्या तपासणीनंतर क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, पोटात कळ आली तर लगेच कळवा, असं बजावलंय. आणि माय आपणहून सांगणारी नाही.

दीड वर्ष तिचा अशक्तपणा चालला. कापूस वेचताना ती मधेच बांधावर बसून राहायची. हिमोग्लोबिन ६ वर आलं तेव्हा रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. संडास काळी होते, हे तिने एकदाच लाजत सांगितलं. गोळ्यांनी होतं, असं उत्तर मिळालं. गोळ्यांनी होतंही, म्हणून आत कुठे रक्त जातंय का, हे मी पुढे विचारलं नाही. त्या न विचारण्याचा आज फार त्रास होतोय.

दुर्बीण तोंडातून घातली, खालूनही घातली. दोन्ही स्वच्छ. पण पहिली जठर ओलांडून थोडीच पुढे जाते, दुसरी मोठं आतडं संपेपर्यंत. मधलं लहान आतडं, सहा मीटर म्हणजे जवळजवळ वीस फूट, कुणी पाहिलंच नव्हतं. मग कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळवली. कमरेला यंत्र बांधून माय आठ तास बसून होती. फोटोंत रक्त दिसलं. पण कॅप्सूल नुसती बघते, रक्त थांबवू शकत नाही. म्हणून अमळनेरहून मुंबई गाठली आणि आज डबल बलून एन्टेरोस्कोपी, म्हणजे दोन फुग्यांच्या दुर्बिणीने लहान आतड्याची तपासणी, झाली.

काल तिला समजावताना परकराची नाडी कामी आली. नेफ्यात पिन सरकवताना कापडाच्या चुण्या पिनेवर गोळा होतात, तसंच हे. दुर्बीण दोन मीटरची, तिच्यावर एक नळी, दोघींच्या टोकाला एकेक फुगा. फुगे आळीपाळीने फुगवून आतडं धरायचं, मागे ओढून नळीवर गोळा करायचं, पुन्हा पुढे सरकायचं. जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी ही पद्धत २००१ मध्ये मांडली. त्याआधी इतक्या आत उपचार करायचा तर बहुतेक वेळा पोटच उघडावं लागे.

“आनि फुगा फुटना ते?” मायने थेट डॉक्टरांनाच विचारलं. ते हसले नाहीत. फुगा मऊ असतो, आतल्या हवेचा दाब यंत्र सांभाळतं, हे त्यांनी तिच्याकडे बघून सांगितलं. त्या एका उत्तराने तिचा जीव खाली पडला.

लहान आतड्याच्या वरच्या भागात रक्तवाहिन्यांचे तीन लाल ठिपके सापडले. तिथल्या तिथे आर्गॉन वायूच्या झोताने भाजून बंद केले. असे ठिपके पुन्हा होऊ शकतात. गोळ्या चालूच राहणार, म्हणजे संडासच्या रंगावरून काहीच कळणार नाही. ठराविक दिवसांनी रक्त तपासायचं. पहिली तारीख मी आत्ताच मोबाईलमध्ये टाकली.

आता कूस बदलली तिने.

“माय, पोट दुखस का?”

“नही. तू झोप.”