तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पडक्या भिंती बघायला का जाता?

पुण्याहून माझ्याकडे आयर्लंडला कोणी येणार असलं की फोनवर हा प्रश्न येतोच. डब्लिन झालं, मोहरचे कडे झाले, मग सुट्टीच्या दिवशी तुम्ही आडगावातल्या पडक्या भिंती आणि झाडी बघत कशाला हिंडता? आपल्याकडे राजगड-रायगड असताना तिकडे एवढं आहे तरी काय?

टोमणा रास्त आहे. चढाई, दरारा, तटबंदी यांत इथला एकही किल्ला राजगडापुढे टिकत नाही. तसं काही बघायचं असेल तर येऊच नका. मला ओढ आहे ती वेगळ्या गोष्टीची. आयर्लंडमध्ये पडका वाडा आणि घनदाट झाडी बहुतेक वेळा एकाच जागी सापडतात, आणि तो योगायोग नसतो.

इथलं फॉरेस्ट पार्क, म्हणजे वनखात्याचं फिरायला खुलं असलेलं जंगल, हे अभयारण्य नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशात जंगल जेमतेम एक टक्का जमिनीवर उरलं होतं. आज ते अकरा टक्क्यांच्या पुढे गेलंय खरं, पण त्यात फार मोठा वाटा सिटका स्प्रूसचा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणलेलं हे झाड लाकडासाठी रांगेत लावतात आणि रांगेत कापतात. त्यात फिरायला मला तरी मजा येत नाही. दोन माणसांच्या कवेत न मावणारे जुने ओक आणि बीच बघायचे तर जमीनदारांच्या वाड्यांभोवती जायचं. उंच दगडी कुंपणाच्या आत ही झाडं शोभेसाठी, शिकारीसाठी राखलेली होती.

मग 1903 चा विंडहॅम कायदा आला. सरकार कर्ज देणार, कुळांनी जमीन विकत घ्यायची आणि वर्षानुवर्षं हप्ते फेडायचे. ज्यांच्या घरात कूळकायद्यात जमीन गेल्याच्या किंवा मिळाल्याच्या कथा आहेत, त्यांना याहून जास्त सांगायला नको. शेती कुळांकडे गेली आणि मालकाकडे उरला वाडा, त्याची राई आणि न परवडणारं छप्पर. 1919 ते 1923 या काळात, आधी स्वातंत्र्ययुद्धात आणि मग यादवीत, दोनशेहून जास्त वाडे जाळले गेले. बाकीचे कित्येक कर आणि ओल यांनी संपवले. राया पुढे वनखात्याकडे आल्या. आजची बरीच फॉरेस्ट पार्कं अशी तयार झाली आहेत. म्हणून झाडी बघताना मी आधी वाडा कुठे होता ते शोधतो.

रॉसकॉमन परगण्यातलं लॉख की हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. मोठं तळं, त्यात तीसेक बेटं, काठाने राई. हे मूळचं मॅकडरमॉट राजघराण्याचं ठाणं. त्यांच्या आश्रयाने लिहिली गेलेली बखर 1014 पासून 1590 पर्यंतच्या लढाया, दुष्काळ आणि मृत्यू वर्षवार नोंदवते. सतराव्या शतकात ही जमीन इंग्रजांच्या बाजूच्या किंग घराण्याकडे गेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इकडे पेशवाई शेवटचे आचके देत होती त्याच सुमारास, त्यांनी जॉन नॅश या नामवंत वास्तुरचनाकाराकडून तळ्याकाठी रॉकिंगहॅम नावाचा वाडा बांधून घेतला.

वाड्याच्या खिडक्यांतून चहूकडे फक्त देखावा दिसायला हवा होता. त्यात पीटची (दलदलीतून खणून वाळवलेल्या जळणाची) टोपली वाहणारा गडी दिसला तर कसं चालेल? म्हणून नोकरांसाठी भुयारं खणली. तळ्यावरून होडीने आलेलं जळण आणि वाणसामान जमिनीखालून घरात यायचं. वाडा 1957 मध्ये आगीत गेला आणि पुढे त्याचे उरलेले अवशेषही पाडून टाकले. त्या जागी आता काँक्रीटचा एक मनोरा उभा आहे. तो कुरूप आहे असं माझं स्पष्ट मत आहे. इथल्या लोकांतही त्यावरून वाद होतात. पण भुयारं शाबूत आहेत आणि त्यांतून चालत जाता येतं. दिवाणखाना गेला, नोकरांची वाट तेवढी टिकली.

तळ्यातल्या बेटावर जो पडका किल्ला दिसतो, ज्याचे फोटो सगळे काढतात, तोही सरळ नाही. खाली मॅकडरमॉटांचे जुने अवशेष आहेत, पण वरचं बांधकाम एकोणिसाव्या शतकातलं, वाड्यातून छान दिसावं म्हणून उभारलेलं. ज्यांच्या हातून जमीन गेली त्यांच्या गढीचीच शोभेची वस्तू झाली. कवी यीट्सला याच बेटावर आयरिश साधकांचा एक गूढ आश्रम काढायचा होता. तो बेत कागदावरच राहिला.

तिथून चारेक किलोमीटरवर बॉइल गावात 1161 मध्ये स्थापन झालेला सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधुपंथाचा मठ आहे. त्याच्या चर्चच्या मधल्या दालनात उभे राहा. दक्षिणेकडच्या कमानी गोल, उत्तरेकडच्या टोकदार. बांधकाम पन्नास-साठ वर्षं रेंगाळलं, तेवढ्यात युरोपातली शैलीच बदलली आणि गवंड्यांनी बेधडक नवी शैली उचलली. साधेपणाचं व्रत घेतलेल्या या पंथाला नक्षीचं वावडं होतं, तरी खांबांच्या माथ्यावर माणसं आणि जनावरं कोरलेली आहेत. पुढे मठ बंद पडले, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे इंग्रज सैन्याची छावणी बसली ती जवळपास दोनशे वर्षं. मठाच्या भिंती टिकल्या त्या काही अंशी सैनिकांना निवारा हवा होता म्हणूनच.

गॉलवे परगण्यातलं पोर्टम्नाही सांगतो, पण कारण वेगळं. तिथेही जंगल, तळं, हरणं आणि सतराव्या शतकातला वाडा आहे. तो 1826 मध्ये जळाला. मालक क्लॅनरिकार्ड घराणं. त्यांचा शेवटचा मार्क्विस (उमराव) इंग्लंडमध्ये राहायचा, कुळांकडे फिरकायचाही नाही, आणि 1886 मध्ये जवळच्या वुडफर्डला त्याच्या माणसांनी कुळांना घराबाहेर काढलं ते देशभर गाजलं. याच पोर्टम्नात 1852 मध्ये सुरू झालेलं वर्कहाउस, म्हणजे कामाच्या बदल्यात गरिबांना अन्न-निवारा देणारं घर, आता संग्रहालय आहे. उपाशी कुटुंबं तिथे दाखल झाली की नवरा, बायको आणि मुलं यांना वेगवेगळ्या भागांत ठेवत. वाडा बघून वर्कहाउस न बघता परतणारे पाहुणे मला समजत नाहीत. उलट याच परगण्यातल्या कूल पार्कात वाडाच नाही. आयरिश नाटककार लेडी ग्रेगरींचं घर सरकारने विकत घेतलं आणि 1941 मध्ये ते दगडांसाठी पाडलं गेलं. त्यांच्या पाहुण्यांनी, म्हणजे यीट्स, नाटककार शॉ आणि सिंग (Synge) वगैरेंनी, आद्याक्षरं कोरलेलं तांबूस बीचचं झाड मात्र जिवंत आहे.

आता यायचं ठरवलंच असेल तर थोडं व्यावहारिक. एप्रिल-मे उत्तम, रायांमध्ये जमिनीवर निळी ब्लूबेल्स पसरतात आणि रानलसणीचा वास सुटतो. उन्हाळ्यात तळ्याकाठी मिज नावाची चिलटं फाडून खातात. बॉइलचा मठ हिवाळ्यात बंद असतो. आडगावातल्या अवशेषांना तिकीट नसतं, पण वाट कुणाच्या तरी कुरणातून जाते, तेव्हा फाटक जसं सापडलं तसंच ठेवा: उघडं तर उघडं, बंद तर बंद. कित्येक पडक्या मठांच्या आत गावाचं दफन आजही होतं. तेराव्या शतकातल्या भिंतीला लागून मागच्या महिन्यातली ताजी फुलं असतात, तिथे पोरांना पळू देऊ नका. आणि भिंतींवर चढू नका. आपल्याकडच्या सवयीने पाहुणे सगळ्यात आधी तेच करतात.

हाताशी एकच दिवस असेल तर बॉइल आणि लॉख की करा, पोर्टम्ना त्यात कोंबू नका. डब्लिनहून स्लायगोकडे जाणारी रेल्वे बॉइलला थांबते. मठ स्टेशनपासून पायी गाठता येतो, पार्कासाठी टॅक्सी लागेल. ती आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ निघण्याआधी बघून ठेवा.