क्रोम १०९

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेची वेबसाइट मी केली होती. ठेवींचे व्याजदर, शाखांचे पत्ते, कर्जमागणीचा अर्ज, एवढाच पसारा. माझ्या लॅपटॉपवर सगळं कसं झकास. संचालकांना दाखवायच्या दिवशी नेमका प्रोजेक्टर लागेना. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, काउंटरच्या मशीनवर लावा की, त्यात काय एवढं!"

लावली. पांढरं पान. रिफ्रेश केलं, पुन्हा पांढरंच. चहाचे कप घेऊन सात संचालक माझ्या पाठीशी उभे.

मशीनवर विंडोज ७ होतं. त्यावर चालणारा शेवटचा क्रोम म्हणजे १०९. २०२३ सालापासून गूगलनं विंडोज ७ साठी पुढची आवृत्ती काढलीच नाही. कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो ती खिडकी, उघडला तर एकच लाल ओळ: 'टू-सॉर्टेड' नावाचं फंक्शन नाही. व्याजदर मुदतीप्रमाणे लावायला मी ते वापरलं होतं, आणि क्रोममध्ये ते आलं ११० व्या आवृत्तीत. एका नंबरनं हुकलं! बरं, तक्ता नसता दिसला तर चाललं असतं. पण आख्खं पानच मी जावास्क्रिप्टकडून, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामकडून, उभं करून घेत होते. ती एका ओळीवर अडखळली आणि पत्ते, फोन नंबर, सगळंच गेलं. तक्ता किती ओळींचा? आठ. क्रमानं हातानं टाइप केला असता तरी पाच मिनिटांचं काम.

संचालकांत एक निवृत्त संगीतशिक्षक होते. त्यांना दिसत नाही. ते म्हणाले, "ताई, तोवर मी माझ्यावर बघतो," आणि पिशवीतून लॅपटॉप काढला. त्यावर पान उघडलं, आणि त्यात एनव्हीडीए होतं, पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरनी उभा केलेला हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. सरांनी हेडफोन काढून ठेवला, आम्हालाही ऐकू यावं म्हणून.

नसता काढला तर बरं झालं असतं. लोगोच्या जागी 'लोगो फायनल टू' असं फाइलचं नाव ऐकू आलं, कारण चित्राला पर्यायी मजकूर मी दिलाच नव्हता. मग व्याजदरांच्या पानावर मराठी शब्द गायब, नुसते इंग्रजी आकडे: "थ्री फाइव्ह सिक्स. एट पॉइंट फाइव्ह." साचा तयार आणलेला, त्यात पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली, ती मी बदललीच नव्हती. त्यामुळे स्क्रीन रीडर इमानेइतबारे इंग्रजी आवाजावर गेला, आणि तो आवाज देवनागरी गिळून टाकत होता.

अर्जात आणखी मजा. "एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक." नाव कुठं, पत्ता कुठं, काही पत्ता नाही. रकान्यांची नावं पडद्यावर होती, पण रकान्यांशी जोडलेली नव्हती. सर टॅबची कळ दाबत, एकेका रकान्यावरून पुढं सरकत शेवटापर्यंत गेले, आणि पुढच्या टॅबला थेट पानाबाहेर, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पोचले.

"ताई, अर्ज पाठवायचं बटण आहे ना?"

"आहे की सर, ते हिरवं..." म्हटलं आणि जीभ चावली.

ते बटण नव्हतंच. डिव्हला, म्हणजे पानावरच्या साध्या चौकोनाला, रंग फासून बटणाचं सोंग दिलेलं. माउसला ते फसवतं, टॅबला नाही.

परतीची एसटी मी सोडून दिली. मागच्या खोलीत बसून दुपारभर जे केलं, त्यात लिहिणं थोडं आणि खोडणं जास्त. तक्ता जावास्क्रिप्टशिवाय, साध्या एचटीएमएलमध्ये, डिव्हच्या जागी खरं बटण, प्रत्येक रकान्याला लेबल, भाषेच्या जागी 'मराठी'. अर्जातल्या चुका तपासायचं काम सर्व्हरकडे. सरकणारा बॅनर काढला तेव्हा थोडं जिवावर आलं. त्याच्यावर दोन दिवस घातले होते.

सहाच्या सुमाराला काउंटरवर पान उघडलं. दिसायला जरा भोळं, पण होतं. सरांच्या लॅपटॉपवर आता त्यांचा नेहमीचा आवाज बोलायला लागला. आवाज हिंदी, मराठीही तोच वाचतो. सरांनी अर्ज भरून पाठवला आणि परत व्याजदरांवर गेले. मध्येच थांबून तीच ओळ त्यांनी दोनदा ऐकली.

"तीनसौ छप्पन दिवस? मॅनेजरसाहेब, आपली ठेव तीनशे पासष्टची ना?"

मॅनेजरांनी चष्मा लावला, छापील पत्रक काढलं. पत्रकातही छप्पन्नच होतं.