पीएस फाइव्हवरून लाईव्ह, आणि खाली माग चालू: सोलापुरातनं स्ट्रीमिंग सुरू केलं तो माझा अनुभव

आमचं घर पूर्व भागात. वर आम्ही भाड्यानं राहतो आणि खाली घरमालक काकांचे सहा माग, टॉवेलचे, दोन पाळ्या चालतात. सकाळी जाग येते ती खटक खटकनंच आणि रात्री झोप पण त्याच आवाजावर लागते, लहानपणापासनं हेच ऐकत आल्यामुळं घरात आम्हाला कुणाला ते ऐकूच येत नाही. हे आधी सांगायचं कारण म्हणजे पुढं माझं सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

मला स्ट्रीमिंग, म्हणजे गेम खेळता खेळता ते यूट्यूबवर लाईव्ह दाखवत बोलायचं, करायचं होतं ते क्रिकेटसाठी. माझा मामा टेनिस बॉल टुर्नामेंटला कॉमेंट्री करतो, मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडच्या गावांमध्ये. शाळेत असताना सुट्टीत मी त्याच्याबरोबर जायचे, मांडवात टेबलाशेजारी स्कोअरचा कागद धरून बसायचे आणि तो बोलायला लागला की अख्खं मैदान त्याच्या आवाजावर हलायचं ते बघायचे. तेव्हापासनं डोक्यात होतं की मला पण असं बोलायचंय. गावोगावच्या मैदानावर मला कोण माइक देणार, पण घरात पीएस फाइव्ह होता (प्लेस्टेशन, टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल, भावानं आणि मी मिळून सेकंडहँड घेतलाय, २८ हजाराला), त्यात क्रिकेट २४ हा गेम, म्हटलं गेममधली इंग्लिश कॉमेंट्री सेटिंगमधनं बंद करायची आणि आपण आपल्या मराठीत बोलायचं.

सुरुवात वाटते त्यापेक्षा सोपी आहे हे आधी सांगते, कारण खूप जणांना वाटतं की कॉम्प्युटर लागतो, महागडं सामान लागतं. नाही लागत. पीएस फाइव्हच्या कंट्रोलरवर टचपॅडच्या डाव्या बाजूला बारकं क्रिएट बटण आहे, ते दाबलं की खाली मेनू येतो, त्यात ब्रॉडकास्ट आहे, यूट्यूब नाहीतर ट्विच निवडायचं, नाव टाकायचं, गो लाईव्ह. त्याच्या आधी एकदा सेटिंगमध्ये यूट्यूबचं अकाउंट जोडून घ्यायचं, स्क्रीनवर क्यूआर कोड येतो, फोननं स्कॅन केला की झालं.

मी मात्र एक गोष्ट आधी केली नव्हती. यूट्यूबवर फोन नंबर व्हेरिफाय करून लाईव्हची परवानगी चालू करावी लागते आणि ती पहिल्यांदा मिळायला २४ तासांपर्यंत लागतात. मी शनिवारी रात्री मैत्रिणींना, आत्याला, सगळ्यांना मेसेज टाकून ठेवलेले की साडेनऊला लाईव्ह येणार, आणि साडेनऊला लाईव्ह सुरूच होईना. रविवारी झालं. तुम्ही सुरू करणार असाल तर हे आज करून ठेवा, कन्सोल नंतर घेतला तरी चालेल. आणि ५० सबस्क्रायबरची अट म्हणतात ती फोनच्या ॲपवरनं लाईव्ह जायला आहे, कन्सोलवरनं नाही, माझे तेव्हा ११ होते.

पहिल्या दिवशी अजून एक झालं. व्हिडिओ लहान मुलांसाठी आहे का असं यूट्यूब विचारतं, मी म्हटलं क्रिकेटच तर आहे, मुलं पण बघतील, हो करून टाकलं. त्यानं चॅटच बंद होतं! मी तासभर बोलतेय आणि एक पण मेसेज नाही, मला वाटलं कुणी बघतच नाहीये. आत्यानं शेवटी फोन केला, अगं लिहायला जागाच नाही तिथं.

पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली, रेकॉर्डिंग लावून बघितलं तेव्हा. कंट्रोलरमध्येच माइक असतो आणि लाईव्ह गेलं की तो चालू असतो. त्यात माझा आवाज होता पण त्याच्यापेक्षा जास्त बटणांचा टकटक आवाज, पंखा, आणि या सगळ्याच्या खाली सहा माग. मला पहिल्यांदा ते असे ऐकू आले. मैत्रीण म्हणाली, काय बोलालीस तेच कळेना झालंय, ट्रेनमध्ये बसून खेळालीस का? मला रडू आलं होतं, खरं सांगते, कारण मला दाखवायचा होता तो आवाजच, खेळ काय माझ्यापेक्षा चांगला खेळणारी हजार पोरं आहेत.

मग एकेक करत गेले. कंट्रोलरला खाली ३.५ एमएमचं होल आहे, त्यात फोनचा साधा माइकवाला इअरफोन लावला, तेवढ्यानं बटणांचा आवाज गेला. ज्यांना पैसे घालायचे नाहीत त्यांनी इथंच थांबलं तरी चालतं. कंट्रोलरवर माइक म्यूटचं बटण आहे, ते दाबलं की केशरी लाईट लागते, स्ट्रीमच्या आधी ती लाईट बघायची सवय लावा, म्यूटवर पाऊण तास बोललेय मी.

नंतर नेट. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे म्हणून मी निर्धास्त होते, पण स्ट्रीमिंगला डाउनलोड नाही, अपलोड लागतो, आणि राउटर पुढच्या खोलीत, कन्सोल मागच्या खोलीत, मधे दोन जाड भिंती, तिथं वायफायवर अपलोड ३ एमबीपीएस सुद्धा धड येत नव्हता. चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, बॉल कुठाय दिसायचं नाही. भावानं नवी पेठेतनं १५ मीटर लॅनची केबल आणली, दाराच्या वरनं खिळे मारून नेली, आईनं फक्त एवढंच विचारलं की दिवाळीला रंग द्यायचाय तेव्हा काढणार का. केबलवर अपलोड ४० च्या पुढं गेला. मी ७२०पी वर ४००० केबीपीएसच्या बिटरेटला (म्हणजे अपलोडचे ४ एमबीपीएस) चालवते, तासाला साधारण १.८ जीबी जातं, डेटाची लिमिट असलेला प्लॅन असेल तर हा हिशोब करून घ्या. आणि अपलोड जेवढा येतो त्याच्या निम्म्याच्या वर बिटरेट ठेवू नका, संध्याकाळी सगळ्या गल्लीचं नेट चालू झालं की स्पीड पडतोच.

दोन महिने असं चाललं. ८-१० जण यायचे. मग स्कोअरची पट्टी लावायची इच्छा झाली, मामाच्या टुर्नामेंटला असते तशी, टीमची नावं बिवं, आणि ते नुसत्या कन्सोलवरनं होत नाही. त्याला कॅप्चर कार्ड लागतं, कन्सोलचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं, कन्सोलची एचडीएमआय त्यात, त्यातनं एक टीव्हीला आणि एक लॅपटॉपला, आणि लॅपटॉपवर ओबीएस, स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. टीव्हीला लूप आउट असलेलंच, म्हणजे टीव्हीला चित्र थेट पाठवणारं कार्ड घ्या, लॅपटॉपवर चित्र उशिरा येतं, त्याच्यावर बघून बॅटिंग होत नाही. जोडलं आणि लॅपटॉपवर काळी स्क्रीन. अर्धा दिवस केबली बदलल्या, कार्ड परत करायला निघाले होते, मग कळलं की पीएस फाइव्हच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, एचडीएमआय, तिथं एचडीसीपी (चित्राची कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप) बंद करावं लागतं. बंद केलं, चित्र आलं. पण ते बंद असलं की पिक्चर बघायची काही ॲप चालत नाहीत, रविवारी पप्पा पिक्चर लावायला बसले आणि लागेना, तेव्हापासनं स्ट्रीम झालं की परत चालू करून ठेवायचं हे काम भावाकडं आहे.

एक गोष्ट कॉमेंट्रीवाल्यांसाठी खास. कार्डमधनं चित्र थोडं उशिरा येतं आणि माइक थेट लॅपटॉपला असतो म्हणून आवाज आधी जातो, म्हणजे बघणाऱ्याला माझं "उडाली दांडी!" आधी ऐकू यायचं आणि दांडी नंतर उडायची. सगळी मजाच गेली त्यातली. ओबीएसमध्ये ऑडिओच्या ॲडव्हान्स्ड प्रॉपर्टीत सिंक ऑफसेट म्हणून रकाना आहे, माइकसमोर मिलिसेकंद टाकायचे. मी कसं काढलं तर टीव्हीवर बॅटला बॉल लागल्या लागल्या टाळी वाजवायची, रेकॉर्ड करायचं, मग हळूहळू चालवून दोन्हीतलं अंतर बघायचं. पाच-सहा वेळा केल्यावर माझं १६० वर बसलं. तुमचं वेगळं असेल, कार्डावर आहे.

आता ती रात्र. मे महिना, सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहितीये, रात्री दहाला सुद्धा भिंती गरम. ३ ओव्हर राहिलेल्या, २९ पाहिजेत, आणि लाईट गेली. टीव्ही गेला, कन्सोल गेला. पण राउटरला मी आधीच बारका यूपीएस लावून ठेवला होता, लॅपटॉप बॅटरीवर, यूएसबी माइक लॅपटॉपवरच, म्हणजे स्ट्रीम चालूच राहिलं, नुसतं काळं चित्र आणि माझी स्कोअरची पट्टी. आणि खाली माग बंद पडले. सहाच्या सहा. एवढी शांतता की आईनं स्वयंपाकघरात वाटी ठेवली ते ऐकू आलं. मी काय करायचं कळेना म्हणून म्हटलं, मित्रांनो लाईट गेलीये, पण मॅच थांबणार नाही, आणि मी डोळे मिटून त्या ३ ओव्हर मनानंच टाकल्या. कोण बॉलर, फिल्डिंग कुठं, मिडविकेटला मोकळी जागा, धुळीचा लोट, मांडवातली माणसं उभी राहिली, सगळं मामाच्या मैदानावरचं आठवून. ११ मिनिटं बोलले. एकही माणूस गेला नाही, ९ चे १४ झाले. चॅटमध्ये एकानं लिहिलं, ताई आज पहिल्यांदा तुझा आवाज नीट ऐकू आला, काय बोलतेस तू!

लाईट आली, खटक खटक सुरू झालं आणि मला कळून चुकलं की इतके दिवस मी चित्राच्या मागं लागले होते.

त्यानंतर एक महिना फक्त आवाजावर घातला. माझा यूएसबी माइक कंडेन्सर होता, तो खोलीतलं सगळं ओढायचा, तो विकला, जवळचाच आवाज घेणारा डायनॅमिक घेतला, आणि तो तोंडापासनं चार बोटांवर ठेवायला शिकले, लांबून बोललं की काही उपयोग नाही. जागा बदलली, मागांच्या बरोबर वरची खोली सोडून जिन्याच्या बाजूच्या खोलीत आले. टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे घातले कारण मागांची थरथर जमिनीतनं टेबलात आणि टेबलातनं माइकच्या स्टँडमध्ये यायची, हे मला फार उशिरा कळलं, ग्लासात पाणी ठेवल्यावर त्यावर गोल गोल लाटा दिसल्या तेव्हा. काकांकडं सेकंडचा माल होता, डाग पडलेले जाड टॉवेल, ते मागितले, काका म्हणाले घेऊन जा की, पैसे कसले घेऊ तुझ्याकडनं. ते आणि घरातल्या दोन जुन्या चादरी भिंतीवर लावल्या. बाहेरचा आवाज त्यानं थांबत नाही बरं का, पण खोली घुमायची बंद होते. मग ओबीएसमध्ये माइकच्या फिल्टरमध्ये नॉइज सप्रेशन, त्यात आरएनएन नॉइज, त्यानं मागाचा एकसारखा घों घों जवळपास गेला. धोटा आपटल्याचा ठोका थोडा राहतो, त्याला नॉइज गेट लावला, मी बोलत नसले की माइक आपोआप बंद. गेट जास्त कडक ठेवला तर वाक्याचं पहिलं अक्षर खाल्लं जातं, "चौकार"चा "औकार" होतो, म्हणून ऐकून ऐकून ठरवा.

चॅटबद्दल, मुलींनी हे वाचाच. बाईचा आवाज ऐकला की काही लोक घाण लिहायला येतातच, तिसऱ्या आठवड्यातच आले. यूट्यूबमध्ये ब्लॉक केलेल्या शब्दांची यादी करता येते. मराठी शिव्या देवनागरीत पण टाका आणि इंग्रजी अक्षरांत लिहितात तशा पण, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, माझी यादी १४० च्या वर गेलीये. स्लो मोड चालू ठेवा (एकाला लागोपाठ मेसेज टाकता येत नाहीत) आणि चॅट सांभाळायला एक विश्वासाचा माणूस मॉडरेटर करा. माझी मैत्रीण बसते, ती एकालाही उत्तर देत नाही, सरळ उडवते, आणि मी त्यांचं नाव सुद्धा घेत नाही. स्ट्रीम सोडायचा विचार एकदा आला होता. नाही सोडला, माझ्या घरातनं, माझ्या माइकवरनं मी का उठू?

गाणी लावू नका, कॉपीराइटचा क्लेम येतो, गाडीच्या गेममधला रेडिओ पण त्यात आला. भावाला स्वतःचं चॅनल पाहिजे होतं, तो १५ चा आहे, एकट्यानं लाईव्ह जायला यूट्यूबनं जुलै २०२५ पासनं वय १६ केलंय, म्हणून थांबलाय. पैशाचं सगळेच विचारतात. जाहिरातींचे पैसे यायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास बघितलं गेलं पाहिजे (नाहीतर शॉर्ट्सचे मोठे आकडे), माझे ३८० आहेत. अजून एक रुपया आलेला नाही आणि मी आठवड्यातनं तीन रात्री बसते.

या जानेवारीत गड्ड्याला, आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, मामा आला होता. यात्रेत काकांचे माग बंद होते, सगळे कामगार सुट्टीवर. मी मामाला दुसरा माइक दिला, तो आधी टीव्हीकडं बघून म्हणाला, हे तर खोटं मैदान आहे बाळा, आणि दुसऱ्या ओव्हरला खुर्चीतनं उठून उभाच राहिला, मला बोलूच देईना. ४१ जण होते त्या रात्री, माझे आतापर्यंतचे सगळ्यात जास्त. काका खाली बंद मागांच्या मधे खाट टाकून फोनवर बघत होते, आणि लाईव्ह त्यांच्यापर्यंत वीसेक सेकंद उशिरा पोचत होतं, म्हणजे वर मामा सिक्स मारून, ओरडून, पाणी पिऊन पुढच्या बॉलवर आलेला असायचा, आणि तेव्हा खालनं काकांचा आवाज यायचा, "गेलाऽऽ!"