बरं वाटतंय, तरी गोळ्या चालूच?

‘आता तर छान हिंडताय-फिरताय, मग गोळ्या अजून कशाला?’ मला आमवात आहे हे कळलेला माणूस कधी ना कधी हे विचारतोच. काळजीपोटी विचारतात, म्हणून नीट सांगते.

वयानं सांधे झिजतात, तो आजार वेगळा. आमवातात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) नि हाड कुरतडत जातं. माझं दुखणं दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळांशी एकदमच सुरू झालं. सकाळी मूठ वळायची नाही. टूथपेस्टची ट्यूब दोन तळव्यांत धरून दाबावी लागायची. तासाभरानं बोटं सैल झाली की वाटायचं, गेलं! असे कितीतरी महिने घालवले. मग आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवात ओळखायच्या रक्ताच्या दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आल्या.

वेदनाशामक गोळीनं ठणका कमी होतो, आतली कुरतड थांबत नाही. तिला आवर घालतं ते मेथोट्रेक्सेटसारखं औषध. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून माझा वार शनिवार, आणि गोळी गिळली की लगेच कॅलेंडरवर फुली. सोबत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे फॉलिक अ‍ॅसिड, आणि यकृत व रक्तपेशींसाठी ठरावीक काळानं तपासण्या. (मूल हवं असेल तर हे औषध चालत नाही, आधी डॉक्टरांशी बोलावंच लागतं.) गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात. तेवढ्यात धीर सुटतो, मला ठाऊक आहे. याच्यानं भागलं नाही तर जोडीला दुसरी औषधं किंवा बायोलॉजिक इंजेक्शनं (प्रतिकारशक्तीतला ठरावीक दुवाच रोखणारी) असतात.

तुमचा प्रश्न मीही स्वतःला विचारला होता, आणि कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या होत्या. दोन महिने काहीच झालं नाही. मग उजवं मनगट सुजलं. एक्स-रेत हाडाच्या कडेला बारीकशी खाच दिसली. औषध पुन्हा सुरू केल्यावर सूज उतरली, खाच राहिली. त्या हातानं बरणीचं घट्ट झाकण आजही फिरत नाही.

बरं वाटतंय ते गोळीमुळेच. आजार बराच काळ शांत राहिला तर डॉक्टर सांधे आणि रक्त तपासून डोस हळूहळू उतरवतात. माझाही थोडा उतरवलाय. शनिवारची फुली मात्र चालू आहे.